मोबाईलची कार्यप्रणाली आणि लोकसेवेचे दार
(घाटकोपर येथील व्याख्यानाचा मजकूर)

घाटकोपरच्या स्थानकात दोन लोहमार्ग एकमेकांना भेटतात. मध्य रेल्वेचा उपनगरी मार्ग जमिनीवरून जातो. वर्सोव्याहून अंधेरीमार्गे येणारी मेट्रो उंचावरील फलाटावर थांबते. उपनगरी मार्गाच्या दोन रुळांमधील अंतर १६७६ मिलिमीटर आहे, तर मेट्रोच्या रुळांमधील १४३५ मिलिमीटर. लोकलचा डबा मेट्रोच्या रुळांवर चढू शकत नाही आणि मेट्रोचा डबा लोकलच्या रुळांवर उतरू शकत नाही. असे असूनही ८ जून २०१४ रोजी मेट्रो सुरू झाल्यापासून प्रवासी एका गाडीतून उतरून दुसरीत बसत आहेत, कारण दोन्ही फलाटांना जोडणारा पूल तेथे आहे. दोन व्यवस्था परस्परांशी विसंगत असाव्यात, यात गैर काही नाही. पूल नसला, किंवा पुलावर एकाच मालकाचा पहारा असला, म्हणजे प्रवाशाची अडचण सुरू होते.

महाराष्ट्राला ही अडचण नवी नाही. १८९७ मध्ये बार्शी लाईट रेल्वे सुरू झाली, ती अरुंद मापाची होती. मुंबई-सोलापूर हा मुख्य मार्ग रुंद मापाचा होता. त्यामुळे बार्शीकडील माल कुर्डुवाडीच्या स्थानकात एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात भरावा लागे. पुढे मार्गांचे रुंदीकरण झाले आणि तो खटाटोप संपला. मात्र त्या काळातही रुळांचे माप ही गुप्त बाब नव्हती. ज्याला त्या मापाचा डबा बांधावयाचा असेल, त्याला ते माप उपलब्ध होते. आज प्रत्येकाच्या खिशात असलेल्या मोबाईल फोनच्या बाबतीत नेमका हाच प्रश्न नव्या रूपात उभा आहे. रुळांचे माप ठरवणारा, डब्यांना प्रमाणपत्र देणारा आणि स्थानकातील दुकान चालवणारा एकच असेल, तर इतरांनी बांधलेल्या गाड्यांचे काय होते?

खुला पाया, बंद मजला

प्रत्येक स्मार्टफोनच्या मुळाशी एक कार्यप्रणाली असते. पडदा, ध्वनी, कॅमेरा, स्मृती आणि संदेशवहन यांचा मेळ ती घालते, आणि निरनिराळी ॲप तिच्या आधारावर चालतात. भारतातील बहुसंख्य, म्हणजे शंभरांतील नव्वदांहून अधिक, स्मार्टफोन अँड्रॉइड या कार्यप्रणालीवर चालतात. गुगलने २००५ मध्ये अँड्रॉइड नावाची छोटी कंपनी विकत घेतली, नोव्हेंबर २००७ मध्ये ही प्रणाली जाहीर केली आणि पुढील वर्षी तिचा पहिला फोन बाजारात आला.

अँड्रॉइडचा मूळ संगणकीय मजकूर खुला आहे. तो कोणीही घ्यावा, त्यात बदल करावेत आणि स्वतःची कार्यप्रणाली तयार करावी, अशी परवानगी त्याच्या परवान्यातच आहे. लिनिएज ओएस, ग्राफीन ओएस यांसारख्या पर्यायी प्रणाली याच पायावर उभ्या राहिल्या. आयआयटी मद्रासच्या परिसरात विकसित झालेली व जानेवारी २०२३ मध्ये लोकांसमोर आलेली भारओएस हीही याच पायावरील आहे. निर्मात्याने दुरुस्त्या देणे थांबवलेल्या जुन्या फोनला अशी प्रणाली अनेकदा आणखी काही वर्षांचे आयुष्य देते. ज्या शाळेत किंवा कार्यालयात नवे फोन घेण्यास निधी नाही, तेथे ही गोष्ट लहान नव्हे.

परंतु खुल्या पायावर गुगलने आणखी एक मजला चढवला आहे आणि तो बंद आहे. प्ले स्टोअर हे ॲपचे भांडार आणि प्ले सर्व्हिसेस या नावाच्या सेवा त्या मजल्यावर आहेत. फोनचे ठिकाण कळणे, नकाशा दिसणे, ॲपची सूचना तत्काळ येणे, पैशांचा व्यवहार होणे, अशा कितीतरी कामांसाठी ॲप तयार करणारे लोक या सेवांवर विसंबतात. परिणामी पर्यायी कार्यप्रणालीचा फोन स्वतः उत्तम चालतो. पण लोकांना हवे असलेले ॲप त्यावर एक तर मिळत नाही, किंवा मिळूनही उघडत नाही. ग्राहकाला कार्यप्रणाली दिसत नाही, ॲप दिसते. ज्या फोनवर रोजच्या वापरातील चार ॲप चालत नाहीत, तो फोन त्याच्या दृष्टीने बिघडलेला असतो.

करारांची साखळी

हा बंद मजला फोन बनवणाऱ्या कंपन्यांना कराराने मिळत असे. प्ले स्टोअर हवे असेल तर गुगलची ठरावीक ॲपही फोनमध्ये आधीपासून बसवावी लागत. त्याच्या जोडीला विखंडनविरोधी करार होता. या करारान्वये, गुगलच्या सुसंगततेच्या कसोट्यांत न बसणारी अँड्रॉइडची बदललेली आवृत्ती त्या कंपनीने आपल्या कोणत्याही फोनवर विकावयाची नव्हती. म्हणजे दहा प्रकारचे फोन बनवणाऱ्या कारखान्याने अकराव्या प्रकारात वेगळी प्रणाली घालून पाहावी म्हटले, तरी पहिल्या दहांचे प्ले स्टोअर धोक्यात येई. सप्टेंबर २०१२ मध्ये एसर या कंपनीने चीनमध्ये अलियुन या प्रणालीचा फोन आणण्याची तयारी केली होती. गुगलचा आक्षेप येताच तो समारंभ ऐनवेळी रद्द झाला.

गुगलची बाजूही समजून घेतली पाहिजे. प्रत्येक कंपनीने आपल्या मर्जीप्रमाणे प्रणाली बदलली तर एका फोनवर चालणारे ॲप दुसऱ्यावर चालणार नाही, ॲप बनवणाऱ्याला शंभर फोनांसाठी शंभर वेळा काम करावे लागेल आणि ग्राहकाला भरवसा राहणार नाही, असे तिचे म्हणणे होते. त्यात तथ्य आहे. कुर्डुवाडीच्या फलाटावर माल उतरवणाऱ्या हमालालाही एक माप असण्याचे मोल कळले असते. प्रश्न मापाचा नव्हता. मापाचा आधार घेऊन प्रतिस्पर्ध्याला दुकान मांडू न देण्याचा होता. युरोपीय आयोगाने १८ जुलै २०१८ रोजी या व तत्सम अटींसाठी गुगलला ४.३४ अब्ज युरो दंड केला. तेथील न्यायालयाने १४ सप्टेंबर २०२२ रोजी तो ४.१२५ अब्ज युरोंवर आणला, पण निर्णयाचा गाभा मान्य केला.

मुंबईतील एक प्रयत्न

घाटकोपरपासून पवईची आयआयटी फार दूर नाही. त्या संस्थेतून शिकून बाहेर पडलेल्या राकेश देशमुख, आकाश डोंगरे आणि सुधीर बंगारंबंडी या तिघांनी मुंबईत भारतीय भाषांसाठी एक कार्यप्रणाली विकसित केली. आरंभी तिचे नाव फर्स्टटच होते, पुढे ती इंडस ओएस या नावाने ओळखली जाऊ लागली. २०१५ मध्ये मायक्रोमॅक्सच्या फोनमधून ती ग्राहकांपर्यंत पोहोचली. इंग्रजी न येणाऱ्या माणसाला आपल्या भाषेत फोन वापरता यावा, हा तिचा हेतू होता. तिच्याबरोबर ॲप बाजार हे स्वतंत्र भांडार होते. त्यातून ॲप घेण्यासाठी ई-मेलचा पत्ता लागत नसे. ज्याचा ई-मेलशी कधी संबंध आला नाही अशा शेतकऱ्याच्या किंवा कामगाराच्या दृष्टीने ही सोय किती मोठी, हे ग्रामीण भागात काम केलेल्या प्रत्येकाला समजेल.

या उद्योगाची पुढील वाटचाल बोधप्रद आहे. कार्यप्रणाली म्हणून तिचा विस्तार थांबला आणि भांडार म्हणून ती टिकली. २०२२ मध्ये फोनपे या कंपनीने हा उद्योग आपल्याकडे घेतला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये इंडस ॲपस्टोअर हे भांडार सुरू केले. इंग्रजीखेरीज बारा भारतीय भाषांत ते चालते. त्यात मराठीही आहे. मात्र प्ले स्टोअरच्या नियमानुसार एका भांडारातून दुसरे भांडार वितरित करता येत नाही. म्हणून हे भारतीय भांडार हवे असणाऱ्या ग्राहकाने ते एक तर कंपनीच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्यावे आणि धोक्याच्या सूचना ओलांडून फोनमध्ये बसवावे, अथवा फोन बनवणाऱ्यानेच ते आधी बसवलेले असावे. बाजारपेठेत दुकान आहे, पण त्याची वाट मुख्य दुकानदाराच्या अंगणातून जाते, असा हा प्रकार आहे.

आयोगाचा आदेश आणि न्यायाधिकरणाचा निर्णय

भारतीय स्पर्धा आयोगाकडे २०१८ मध्ये तीन तरुणांनी या करारांबद्दल माहिती दाखल केली. आयोगाने एप्रिल २०१९ मध्ये चौकशीचा आदेश दिला आणि २० ऑक्टोबर २०२२ रोजी निकाल दिला. गुगलने आपल्या वर्चस्वाचा गैरवापर केला, असा निष्कर्ष काढून आयोगाने १३३७.७६ कोटी रुपये दंड केला आणि दहा निर्देश दिले. त्यांतील एक निर्देश विखंडनविरोधी अटी लादण्यास मनाई करणारा होता. दुसरा, प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा, असा होता की प्ले सर्व्हिसेसची जोडणी फोन बनवणाऱ्यांना, ॲप तयार करणाऱ्यांना आणि प्रतिस्पर्ध्यांना नाकारता येणार नाही. ती जोडणी मिळाली, तर मूळ अँड्रॉइडसाठी लिहिलेले ॲप बदललेल्या अँड्रॉइडवरही चालू शकेल, अशी त्यामागील विचारसरणी होती.

१९ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेशाला स्थगिती देण्यास नकार दिला. २५ जानेवारीस गुगलने भारतापुरते बदल जाहीर केले. फोन बनवणाऱ्यांना तिची ॲप सुटी घेता येतील आणि बदललेली अँड्रॉइड आवृत्तीही काढता येईल, असे त्यात सांगितले होते. २९ मार्च २०२३ रोजी राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला. परंतु दहांपैकी चार निर्देश रद्द केले. रद्द झालेल्या चारांत प्ले सर्व्हिसेसच्या जोडणीचा निर्देश होता. इतर भांडारांना प्ले स्टोअरमधून वितरणाची मुभा देणारा आणि भांडाराबाहेरून ॲप बसवण्यावरील निर्बंध उठवणारा, हे निर्देशही रद्द झाले. त्यानंतर गुगलने सर्वोच्च न्यायालयात अपील केले.

या निकालाचा व्यवहारातील अर्थ नीट ध्यानात घ्यावयास हवा. भारतात कारखानदाराने वेगळी कार्यप्रणाली बनवून विकण्यास करार आड येऊ नये, हे तत्त्व मान्य झाले. पण त्या कार्यप्रणालीवर लोकांची नेहमीची ॲप चालतीलच, अशी हमी कोणी दिलेली नाही. वेगळ्या मापाचे रूळ टाकण्यास आता मनाई नाही. पूल मात्र अद्याप बांधावयाचा आहे.

सुरक्षिततेची कसोटी

पर्यायी प्रणालीवर ॲप न उघडण्याचे आणखी एक कारण असते, ते सुरक्षिततेचे. बँकेचे ॲप उघडताना ते गुगलच्या सेवेला विचारू शकते, की हा फोन प्रमाणित आहे काय? या विचारणेच्या व्यवस्थेला प्ले इंटिग्रिटी म्हणतात. उत्तर नकारार्थी आले तर ॲप बंद होते. भारतीय रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२१ मध्ये दिलेल्या निदेशांतही मोबाईल ॲपने उपकरणाची किमान सुरक्षितता तपासावी, अशी अपेक्षा आहे. लोकांच्या ठेवी सांभाळणाऱ्या संस्थेने अशी काळजी घेऊ नये, असे कोणी म्हणणार नाही.

तथापि प्रमाणित असणे आणि सुरक्षित असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. ज्या फोनला कित्येक वर्षांत सुरक्षेची दुरुस्ती मिळालेली नाही, तो मूळ निर्मात्याच्या प्रणालीवर असल्यामुळे या तपासणीच्या साधारण पातळीवर उत्तीर्ण होऊ शकतो. उलट, अद्ययावत दुरुस्त्या असलेली पर्यायी प्रणाली केवळ गुगलच्या यादीत नसल्यामुळे अनुत्तीर्ण ठरते. यावर तांत्रिक उपाय नाही असे नाही. फोनच्या यंत्रभागातच बसवलेल्या गुप्त किल्लीच्या साहाय्याने प्रणाली अस्सल आहे किंवा नाही, हे पडताळण्याची सोय खुद्द अँड्रॉइडमध्ये आहे. त्या सोयीचा उपयोग करून बँक किंवा शासकीय खाते विश्वासार्ह पर्यायी प्रणालींची आपली स्वतःची यादी ठेवू शकते. निर्णय कोणी घ्यावयाचा, हा खरा मुद्दा आहे. येथील नागरिकाने येथील सेवा घ्यावी की नाही, याचा कौल परदेशी कंपनीच्या सेवेवर सोपवण्याची सक्ती कोणत्याही कायद्याने केलेली नाही.

याची दुसरी बाजूही लोकांना सांगितली पाहिजे. व्हॉट्सॲपवरून आलेल्या खोट्या ॲपच्या फायली उघडून अनेकांनी बँकेतील पैसे गमावले आहेत. वाहनाच्या दंडाची पावती किंवा शासकीय योजनेचा अर्ज अशा नावांनी त्या फायली फिरतात. भांडाराबाहेरील ॲप स्वीकारण्याची मोकळीक हवी, म्हणजे येईल ते ॲप बसवावे असे नव्हे. अधिकृत पत्त्यावरून घेतलेले ॲप आणि अनोळखी संदेशातून आलेले ॲप यांतील भेद शिकवणे, हे शिक्षकांचे व ग्रामसभांचे काम आहे.

लोकसेवा आणि साधा फोन

हा सर्व विषय कंपन्यांच्या भांडणापुरता असता तर शासनाच्या कामाशी त्याचा संबंध आला नसता. परंतु आज शासनाच्या अनेक सेवा ॲपद्वारे दिल्या जातात. १५ ऑगस्ट २०२१ रोजी महाराष्ट्रात ई-पीक पाहणी सुरू झाली आणि सातबारावरील पिकाची नोंद शेतकरी स्वतःच्या फोनवरून करू लागला. अंगणवाडीतील नोंदी २०२१ पासून पोषण ट्रॅकर या ॲपवर होऊ लागल्या. रोजगार हमीच्या मजुरांची हजेरी १ जानेवारी २०२३ पासून ॲपवर बंधनकारक झाली.

अशा वेळी फोन निराळ्या कार्यप्रणालीचा असेल तर काय होते? २०१७ मध्ये आलेला जिओफोन कायओएस या प्रणालीवर चालत असे. तो स्वस्त होता, म्हणून लक्षावधी घरांत गेला. पण अँड्रॉइडसाठी लिहिलेले कोणतेही ॲप त्यावर चालत नव्हते. व्हॉट्सॲपसारखे सर्वांच्या वापरातील ॲपही सप्टेंबर २०१८ मध्ये, त्या कंपनीने वेगळी आवृत्ती तयार केल्यानंतरच, त्यावर आले. ज्या शासकीय ॲपची अशी वेगळी आवृत्ती निघाली नाही, त्या सेवेपुरता तो फोन निरुपयोगी ठरला. त्या घरातील माणसाचा सेवेवरील हक्क मात्र कमी झालेला नव्हता.

पूल बांधल्याची उदाहरणेही आहेत. ई-पीक पाहणीत एका फोनवरून अनेक खातेदारांची नोंद करण्याची सोय ठेवण्यात आली. त्यामुळे शेजाऱ्याच्या फोनचा आधार घेता आला. डिजिलॉकर हे ॲपखेरीज संकेतस्थळावरूनही उघडते. मुंबईत मुख्यालय असलेल्या भारतीय राष्ट्रीय देयक महामंडळाने तयार केलेली यूपीआय १२३पे ही सेवा ८ मार्च २०२२ रोजी सुरू झाली. तिच्यामुळे साध्या बटणांच्या फोनवरूनही, दूरध्वनी करून, पैसे पाठवता येऊ लागले. येथे कार्यप्रणालीचा प्रश्नच उरत नाही.

धोरणाचा आधारही जुना आहे. केंद्र शासनाच्या २०१२ च्या मोबाईल प्रशासनाच्या चौकटीत स्पष्ट म्हटले आहे, की शासकीय संकेतस्थळे मोबाईलवर चालण्याजोगी असावीत आणि ॲप तयार करताना खुली मानके स्वीकारावीत, म्हणजे ती निरनिराळ्या कार्यप्रणालींवर व उपकरणांवर चालतील. याच उपक्रमातून मोबाईल सेवा हे शासकीय ॲपचे स्वतंत्र भांडारही उभारण्यात आले. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ याने पात्र व्यक्तीला अधिसूचित सेवा विहित मुदतीत मिळण्याचा हक्क दिला आहे. तो हक्क व्यक्तीचा आहे, तिच्या फोनचा नाही.

कोणी काय करावे

ज्या अधिकाऱ्यांकडे नवे ॲप तयार करून घेण्याचे काम येते, त्यांनी निविदेच्या मसुद्यातच काही अटी घालाव्यात. जे काम ॲपवर होते ते सर्व साध्या संकेतस्थळावरही व्हावे. प्ले सर्व्हिसेसवाचून चालणार असेल तेथे त्यांचा आधार घेऊ नये. जुन्या आवृत्तीच्या फोनवर ॲप चालते की नाही, याची चाचणी क्षेत्रीय कर्मचाऱ्यांच्या प्रत्यक्ष हातातील फोनवर घ्यावी. ॲप शासकीय भांडारातही ठेवावे आणि त्याचा अधिकृत पत्ता कार्यालयाच्या फलकावर लावावा. फोनची तपासणी आवश्यकच असेल, तर तिचे कारण लेखी नमूद करावे आणि अनुत्तीर्ण होणाऱ्यास दुसरा मार्ग दाखवावा.

शिक्षकांनी गृहपाठ किंवा सूचना एकाच ॲपवर पाठवण्यापूर्वी वर्गातील किती घरांत ते ॲप उघडते, याची एकदा गणना करावी. उत्तर बहुधा अपेक्षेपेक्षा कमी येईल. पंचायतीच्या सदस्यांनी आपल्या गावातील आपले सरकार सेवा केंद्रात ॲपवरील सेवेसाठीही माणसाला बसवून मदत मिळते काय, हे पाहावे आणि ज्याला ॲपमुळे परत जावे लागले त्याची नोंद ठेवावी. अशा दहा-वीस नोंदी वरिष्ठांकडे गेल्या, तर पुढील ॲपच्या रचनेत त्यांचा विचार करावा लागेल. तक्रार तोंडी राहिली म्हणजे ती फोन बिघडल्याची तक्रार ठरते. कागदावर आली म्हणजे ती सेवेतील त्रुटी ठरते.

घाटकोपरला मेट्रो आली तेव्हा तिचे रूळ लोकलच्या मापाचे करावेत, असे कोणी म्हटले नाही. प्रत्येक व्यवस्थेला आपले माप ठेवण्याची मुभा मिळाली आणि प्रवाशासाठी पूल बांधला गेला. तिकिटांच्या बाबतीतही ॲप आले, स्वयंचलित यंत्रे आली, पण खिडकी बंद झाली नाही. ज्याच्या हातात कोणताच फोन नाही तोही या स्थानकातून प्रवास करतो. शासनाच्या प्रत्येक नव्या ॲपची परीक्षा याच कसोटीवर व्हावी, की ज्याचा फोन वेगळा आहे, जुना आहे किंवा नाहीच, त्या नागरिकासाठी पूल कोठे आहे? ते ठिकाण बोट ठेवून दाखवता आले, तर ॲप लोकांपुढे आणण्यास हरकत नाही.